बंदराचा परवाना आणि आमची गोणी

कांद्याचा भाव कोणी पाडला, असे विचारले की आमचा कुणबी अडत्याकडे बोट दाखवितो. अडत्या व्यापाऱ्याकडे दाखवितो, व्यापारी मुंबईच्या निर्यातदाराकडे, आणि निर्यातदार समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. समुद्राला विचारावयास कोणी जात नाही. आम्ही पडलो मास्तर. पोरांना भूगोल शिकविताना नकाशावर नेवाशापासून न्हावाशेव्यापर्यंत छडी फिरवितो खरी, पण त्या छडीखालून आपल्या गोणीतले काय काय झिरपून जाते, हे आम्हांसही पुष्कळ वर्षे उमगले नव्हते.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे नवे बंदर उभे राहात आहे. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये त्यास मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये सांगण्यात आला. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे. बंदराची मालकी सरकारी संस्थांची राहील, पण माल चढविण्या-उतरविण्याचे धक्के खाजगी कंपन्यांच्या भागीदारीत चालावयाचे आहेत. ही बातमी आम्ही पारावर वाचून दाखविली तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, समुद्र तिकडं, आपण इकडं. आपल्या विहिरीला पाणी नाही अन् तुम्ही आम्हाला समुद्राचं काय सांगता?" पार हसला. आम्हीही हसलो. पण रात्री घरी आल्यावर वाटले की त्या बाबांना उत्तर देणे आपले काम आहे. हा लेख म्हणजे ते उत्तर होय.

त्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागेल, कारण हा खेळ नवा नाही. मुंबईच्या बंदरात १८६० च्या सुमारास मोठे जहाज धक्क्याला लागेल अशी बंद गोदी नव्हती. जहाज पाण्यात दूर उभे राहावयाचे, आणि कापसाच्या गासड्या पडावांतून, मचव्यांतून त्याच्यापर्यंत न्यावयाच्या. ज्याच्या हाती काठ, त्याच्या हाती माल. कोठून गासडी उतरवावयाची, कोठे ठेवावयाची, कोणत्या पडावात घालावयाची, या प्रत्येक पायरीला भाडे होते. अशा वेळी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी नावाची एक खाजगी मंडळी पुढे आली. तिचा मूळ धंदा कापूस दाबण्याचा. १८६२ साली तिने मुंबई सरकारशी करार केला. सरकारला जी. आय. पी. रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनासाठी जागा हवी होती. कंपनीने समुद्र बुजवून शंभर एकर जमीन सरकारला करून द्यावी, आणि त्याच्या बदल्यात अडीचशे एकर समुद्र स्वतःसाठी बुजवून घ्यावा, असा तो सौदा.

वाचकहो, या सौद्याकडे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहा. आपल्याकडे कोणी पडीक जमीन वाट्याने करावयास दिली तर अर्धेलीने देतात, तिसऱ्या हिश्श्याने देतात. येथे एक वाटा मालकाचा आणि अडीच वाटे कसणाराचे! शिवाय कसणाराच्या वाट्याला आलेली जमीन मुंबईच्या बंदराचा काठ. सरकारच्या तिजोरीतून रोकड गेली नाही म्हणून साहेबलोकांना हा सौदा फुकटात पडल्यासारखा वाटला असावा. जे फुकट मिळते त्याची किंमत पुढे कोणीतरी दुसरा देतो, हे आमच्या गावच्या वाण्याच्या पोरालाही कळते.

नेमके त्याच वेळी अमेरिकेत यादवी चालू होती. १८६१ पासून १८६५ पर्यंत तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. नगर जिल्ह्यात तेव्हा रेल्वे नव्हती. दौंड-मनमाड रस्ता १८७८ साली झाला. तरी बैलगाड्यांनी माल घाटाकडे चालला, आणि आमच्या पणजोबांच्या हाती कधी नव्हे ते चार रुपये आले. ते त्यांनी काय केले? कोणी बैल घेतले, कोणी विहीर काढली, कोणी पोरीचे लग्न थाटाने केले. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागला, कारण पीक उभे असताना कर्ज बुडत नाही असा त्याचा हिशेब. मुंबईच्या शेटजींकडे तर पैशाचा पूर आला. पूर आला की तो कोठेतरी भिंत फोडतो. तो फुटला समुद्र बुजविण्याच्या कंपन्यांत.

१८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका आणि ८ जमीन-कंपन्या होत्या म्हणतात. त्यांत सर्वांत गाजली ती बॅक बे कंपनी. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतचा पश्चिमेचा समुद्र बुजवावयाचा, त्यातून रेल्वेला जागा द्यावयाची आणि उरलेली विकून गबर व्हावयाचे, असा तिचा बेत. तिचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. लक्षात घ्या, जमीन अजून पाण्याखाली होती. मासे तीवर फिरत होते. लोक विकत घेत होते ती जमीन नव्हे, लोक विकत घेत होते सरकारचा परवाना. मुंबई सरकारची तर स्वतःच या कंपनीचे शेअर घेण्याची तयारी होती; वरच्या हिंदुस्थान सरकारने हात धरला म्हणून ते थांबले. परवाना देणारा आणि परवान्यावर नफा खाणारा एकच झाला असता, तर दाद कोणाकडे मागावयाची होती?

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस; त्या दिवशी मुंबईत कोण कोणाला देणे लागतो याचा हिशेब लागेना. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारच्या भागीदारीची बँक; तिचा कायदा १८६३ साली सैल करून शेअर तारण ठेवून कर्जे देण्याची मोकळीक करून देण्यात आली होती, आणि अखेर त्याच कर्जांत ती बुडाली. बॅक बे कंपनीही गेली. तिने बुजविलेली पट्टी सरकारकडे आली आणि रेल्वेला मिळाली. थोडक्यात, परवाना खाजगी, नफ्याची आशा खाजगी, आणि निस्तरणे तेवढे सार्वजनिक.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या शेटजीचा हात आखडला की पेठेच्या व्यापाऱ्याचा आखडतो, पेठेच्या व्यापाऱ्याचा आखडला की गावच्या सावकाराचा. आणि सावकाराचा हात आखडला म्हणजे तो आखडलेला हात आमच्या मानेवर येतो. ज्या खतावर कर्ज वाढले होते ते सुगीच्या भावात वाढले होते. फेडावयाचे मात्र दुष्काळी भावात. शेजारच्या पुणे जिल्ह्यात इंदापूर-भीमथडीकडे नव्या पाहणीने साराही वाढला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक उठले. त्याची धग लगेच आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पोहोचली. लोकांनी बहुतेक ठिकाणी माणसे मारली नाहीत; त्यांनी खते मागितली आणि जाळली. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केला, तो या दंग्यांनंतर. सगळा दोष समुद्र बुजविणाऱ्या कंपन्यांचा होता असे आम्ही म्हणत नाही. साऱ्याचा होता, कोर्टाचा होता, आमच्या अडाणीपणाचाही होता. पण पारनेरचा कुणबी ज्या लाटेत बुडाला ती लाट बॅक बेच्या किनाऱ्यावरून निघाली होती, आणि त्याला ते शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्याने नुसती सावकाराची खते जाळली नसती, परवान्याची नक्कलही मागितली असती.

एल्फिन्स्टन कंपनीचे काय झाले? ती बुडाली नाही. ती तरली, आणि तिचे तरणे हीच सरकारला अडचण होऊन बसली. बंदराच्या काठाचा मोठा भाग तिच्या ताब्यात गेला. उद्या ही मंडळी मनास येईल ते धक्काभाडे लावतील आणि सारा व्यापार त्यांच्या मुठीत जाईल, अशी भीती व्यापाऱ्यांनाच वाटू लागली. तेव्हा सरकारने १८७० च्या सुमारास कंपनीची बंदरावरची मालमत्ता कोटीच्या वर रक्कम मोजून परत विकत घेतली. आठ वर्षांपूर्वी जो समुद्र सरकारचाच होता, जो परवान्याच्या एका कागदाने दिला होता, तो पैसे देऊन माघारी घेतला! मग १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि या खरेदीचे ओझे त्याच्या डोक्यावर आले. ट्रस्टला उत्पन्न कशाचे? बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरच्या हशिलाचे. म्हणजे नगरची कापसाची गासडी बाहेर जाताना आणि भिंगारच्या साळ्याच्या मुळावर येणारे विलायती कापड आत येताना जे काही भरले जाई, त्यातून त्या चुकीच्या सौद्याचे व्याज फिटत गेले. कुणब्याने दिले, साळ्यानेही दिले. सौदा करताना दोघांनाही कोणी विचारले नव्हते.

ट्रस्टने काम चांगले केले, हे म्हटलेच पाहिजे. १८८० च्या १ जानेवारीस प्रिन्सेस डॉक उघडला, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक झाला, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात. अल्बर्ट ससून यांनी कुलाब्यास स्वतःच्या पैशाने बांधलेली गोदी १८७५ साली सुरू झाली होती, तीही ट्रस्टने १८७९ साली घेतली. या गोद्यांत पाठीवर गोण्या वाहणारे हमाल पुष्कळसे घाटावरचे, आपल्याच दुष्काळी तालुक्यांतून पोटासाठी गेलेले. तेव्हा समुद्र तिकडे आणि आपण इकडे, हे त्या बाबांचे म्हणणे तेव्हाही खरे नव्हते. काठावरच्या कोळ्यांची कथा याहून करुण आहे. त्यांचा वाळवणाचा किनारा बुजवून जमीन झाली, आणि जमीन झाल्यावर ती त्यांची राहिली नाही. वाढवणचे मच्छीमार आज जे ओरडत आहेत ते याच अनुभवावर.

यावरून कोणी असे समजू नये की कंपनी वाईट आणि सरकार देवमाणूस. १९२० साली मुंबई सरकारने बॅक बेचा समुद्र पुन्हा बुजवावयास घेतला, आणि या खेपेस कंपनी नव्हती, खुद्द सरकारी खाते होते. गव्हर्नर लॉईड यांच्या काळचे ते काम. बेत ११४५ एकरांचा होता. पैसा पाण्यासारखा, नव्हे पाण्यातच गेला, आणि निम्मीही जमीन हाती आली नाही. खुर्शेद नरिमन या वकिलाने ती लबाडी चव्हाट्यावर आणली, तेव्हा एका बड्या अधिकाऱ्याने त्याच्यावरच अब्रूनुकसानीची फिर्याद केली. नरिमन १९२८ साली निर्दोष सुटले. सांगावयाचे ते इतकेच की मालक कोण यापेक्षा कागदावर काय लिहिले आहे आणि तो कागद कोण वाचतो, याला अधिक महत्त्व आहे.

आता हल्लीचे कागद पाहू. न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे देशातील पहिला खाजगी कंटेनर धक्का बांधण्याचा व तीस वर्षे चालविण्याचा करार १९९७ साली झाला, तो पी अँड ओ या जुन्या विलायती जहाज कंपनीच्या मंडळींशी. ही तीच पी अँड ओ, जिच्या आगबोटी राणीच्या राज्यात मुंबईला टपाल आणीत. पुढे २००६ साली ती दुबईच्या कंपनीने विकत घेतली, आणि धक्काही तिच्याबरोबर गेला. पी अँड ओनेच नव्वदच्या दशकात वाढवणलाही बंदर करण्याचा बेत आणला होता. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली तो नाकारला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली नव्या बेतास संमती दिली. समुद्र तोच, गावे तीच. पंचवीस वर्षांत काय बदलले ते ज्याचे त्याने तपासावे.

रायगडकडे दिघी बंदर आहे. राज्याच्या १९९६ च्या बंदर धोरणाप्रमाणे ते खाजगी कंपनीला दिले. कंपनी कर्जात बुडाली, दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, आणि २०२१ साली अदानी पोर्ट्स या कंपनीने ते बंदर घेतले. यात बेकायदा काही झाले असे आमचे म्हणणे नाही. पण रीत पाहा: सरकारने एकाला विश्वासाने दिलेली काठाची जागा, त्याचे दिवाळे निघाल्यावर, घेणेकऱ्यांच्या यादीतून दुसऱ्याच्या घरी गेली. आमच्या गावात वतनाची पाटी तरी गावाला विचारून हलत असे.

खाजगी धक्क्यावर जहाज लवकर भरते, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कांदा सडतो, द्राक्ष सडते. जहाज चार दिवस खोळंबले तर नुकसान आमचेच. बंदरे हवीत, आणि ती चालविणारा हुशार असेल तर आम्हांस त्याच्या कुळाशी काय करावयाचे आहे! आमचा प्रश्न दराचा आहे. पूर्वी मोठ्या सरकारी बंदरांतील दर ठरविण्यास १९९७ पासून एक सरकारी दर-प्राधिकरण होते. २०२१ च्या नव्या बंदर कायद्याने ते गेले. आता त्या कायद्यानंतर होणाऱ्या भागीदारीच्या कामांत कंपनीने बाजार पाहून आपले दर आपण ठरवावेत, अशी मोकळीक आहे. बाजार पाहून! नगरच्या माणसाला कांदा घेऊन जावयास किनाऱ्यावर किती बाजार आहेत? एल्फिन्स्टन कंपनीपुढे हात टेकून जे शिकलो होतो, ते पुसून पाटी कोरी केली, असे आम्हांस वाटते. त्याच कायद्याच्या मंडळावर रेल्वेचा माणूस आहे, जकातीचा आहे, लष्कराचा आहे, राज्य सरकारचा आहे, कामगारांचे दोन आहेत. माल पिकविणाराच्या नावाची खुर्ची १८७३ साली नव्हती, आजही नाही.

आता त्या बाबांच्या गोणीचा हिशेब. घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या बाजारात व्यापारी बोली लावतो तेव्हा तो खालून वर मोजीत नाही, वरून खाली मोजतो. दुबईस किंवा कोलंबोस भाव किती, हे त्याला आधी कळलेले असते, आणि तो भाव त्याच्या हातचा नसतो. त्यातून तो जहाजाचे भाडे वजा करितो, धक्क्यावरची हाताळणी वजा करितो, कंटेनर, ट्रक, निवडाई, गोणी, तूट, स्वतःचा नफा वजा करितो. खाली जे उरते ते आपले. वरच्या कोणत्याही पायरीला दर वाढला की घसरत घसरत तो शेवटच्या पायरीवर येतो, कारण शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसाला खाली ढकलावयास कोणी नाही. चाळीत कांदा धरून ठेवावा तर वजन घटते, कोंब येतात. धक्क्याचा दर वाढला अशी बातमी बाजारात कोणी सांगत नाही; एवढेच कानी येते की आज बोली जरा नरम आहे.

खरे सांगावयाचे तर धक्क्यापेक्षा दिल्लीच्या फतव्याने आम्हांस अधिक मारले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात-शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क होतेच, आणि ते पुरते गेले १ एप्रिल २०२५ रोजी. पण फतवा लागतो आणि उठतो. बंदराचा करार तीस वर्षे, पन्नास वर्षे चालतो. आज शाळेत पहिलीला बसलेले पोर नातवंडे खेळविल तोवर तो कागद जिवंत असतो. फतव्याविरुद्ध आपण रस्ता अडवितो, कारण तो डोळ्यांना दिसतो. करार दिसत नाही, शिवाय तो इंग्रजीत असतो.

म्हणून आम्ही गावात एक ठराव लिहिला आहे, तो येत्या ग्रामसभेपुढे येईल. त्यात चार मागण्या आहेत. वाढवणच्या आणि न्हावाशेव्याच्या धक्क्यांचे करार मराठीत छापून जिल्हा परिषदेच्या प्रत्येक वाचनालयात ठेवावेत. शेतमालाच्या हाताळणीचा जास्तीत जास्त दर करारातच लिहावा, आणि तो वाढवावयाचा तर आधी जाहीर नोटीस द्यावी. कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर धक्का सरकारकडे परत येईल की विकत घेणाराकडे जाईल, हे आधी सांगावे. आणि बंदराच्या मंडळावर शेतकऱ्यांनी निवडलेला एक माणूस घ्यावा. करारांच्या नकला मिळाव्यात म्हणून २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्जही तयार आहे. दहा रुपये शुल्क भरून तो कोणाही नागरिकाला करता येतो. पारावरच्या त्या बाबांनी ठरावावर पहिला अंगठा उठविला. वर विचारले की, "मास्तर, इंग्रजांच्या वेळचा तो पहिला कागदसुद्धा मागता येतो का?"

ठराव व अर्ज यांचे मसुदे आमच्याकडे आहेत. ज्या गावास हवे असतील त्यांनी आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट या पत्राच्या कचेरीकडे पाठवावे. पाकीट मोठे असावे, कागद चार आहेत.